रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर

(इतिहासात एम.ए. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे अलिबागमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो, 'जगाचा इतिहास शिकायचाय' असं सांगितलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, मग परदेशात जावं लागेल का? जायला मिळालं तर जरूर जा. पण त्याआधी रेवदंड्याचा पूल ओलांडा.

पलीकडे कोर्लई आहे. तिथली ख्रिस्ती कुटुंबं घरात जी भाषा बोलतात तिला ती 'नौ लिंग' म्हणतात. म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 16व्या शतकात पोर्तुगीजांनी चौलला बस्तान बसवलं, 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि फिरंगी निघून गेले. चुलीपाशी त्यांची भाषा मात्र राहिली, आणि राहता राहता मराठीच्या वळणाची झाली. दोन मुलखांची माणसं एकत्र राहिली की काय होतं, हे मला कुठल्याही ग्रंथापेक्षा त्या गावात जास्त नीट कळलं.

जगाचा इतिहास म्हणजे सगळ्या देशांच्या राजांची यादी नव्हे. माणसं, माल, झाडं, शब्द कुठून कुठे गेले आणि वाटेत कसे बदलले, हा त्याचा विषय. आपल्या कातळावरचा काजू घ्या. झाड ब्राझीलचं, 'काजू' हे नावही तिथल्या तुपी भाषेतलं. दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आली. रत्नागिरीचा थिबा राजवाडा घ्या. इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा रंगूनला नेऊन ठेवला आणि ब्रह्मदेशाचा राजा आपल्याकडे आणला. थिबा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. पोरक्या केलेल्या या दोन राजांचा एकत्र विचार केला की साम्राज्य म्हणजे काय ते उमगतं.

अभ्यासाला काय लागतं? भाषा लागतात. मोडी येत नसेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात नुसतं बसून याल, आणि पोर्तुगीज येत नसेल तर पणजीच्या पुराभिलेखागारात. दोन वर्षांत सगळं जमत नाही. एक तरी लिपी, एक तरी भाषा नेटाने धरा.

आता पब्लिक हिस्टरी, म्हणजे वर्गाबाहेर, सर्वसामान्य लोकांसाठी मांडलेला इतिहास. या नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम रॉबर्ट केली यांनी 1976 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, सांता बार्बराला सुरू केला. इतिहासात पीएच.डी. झालेल्यांना तेव्हा प्राध्यापकी मिळेनाशी झाली होती, हे त्यामागचं एक कारण. संग्रहालयं, जुन्या वास्तू, आठवणींचं ध्वनिमुद्रण, फलकावरचा मजकूर, अशी कामं त्यात शिकवतात. चार लोकांपुढे इतिहास सांगणं आपल्याला नवं नाही, पोवाडा आणि कीर्तन आहेच. नवी आहे ती जबाबदारी: ज्यांचा इतिहास, त्यांना विचारून सांगायचा.

हे मी कोर्लईतच शिकलो. एका आजींचं बोलणं मी दोन दुपारी रेकॉर्ड केलं. मासळी खारवायची पद्धत, नाताळातली गाणी, सासूने शिकवलेले शब्द. निघताना त्यांनी विचारलं, "बाळा, माझा आवाज नेतोस, मग मला कधी ऐकवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची संमती मी घेतली होती, पण आवाज परत आणून द्यायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात गेलो, सगळं लिहून काढलेली वही घेऊन. ओटीवर नातवंडं जमली. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मी वाचून दाखवताना त्यांनी मध्येच हात वर केला. जाळ्याच्या एका भागाचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, शेवटचा स्वर लांबवायला लावला, आणि जुना शब्द माझ्यासमोर पेनने खोडला. वही आज बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी बघा, ते पान दुमडून ठेवलंय.