कुऱ्हाडीची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याचं नाव यॉर्ग येनाच. पुन्हा सांगतो, येनाच. जन्म १५९६चा, मुलूख ग्राउब्युन्डेन. आज हा स्वित्झर्लंडचा प्रांत. तेव्हा मात्र स्विसांशी दोस्ती राखून असलेलं, तीन संघांचं वेगळं राज्य. त्याच्या ताब्यात वाल्तेलिना नावाचं खोरं. स्पेनला मिलानहून ऑस्ट्रियाकडे फौजा न्यायच्या तर वाट या खोऱ्यातून. एकीकडे स्पेन-ऑस्ट्रिया, दुसरीकडे फ्रान्स. म्हणजे भांडण कशाचं? वाटेचं. लक्षात ठेवा, वाटेचं.

येनाच मुळात प्रोटेस्टंट पाद्री. बायबल ठेवलं, तलवार धरली, कर्नल झाला. १६३५ मध्ये कॅथलिक झाला. आणि ज्या फ्रेंचांच्या बाजूने लढला, त्यांच्याच सेनापतीला, ड्यूक रोआँला, १६३७ मध्ये, स्पेन-ऑस्ट्रियाशी संधान बांधून, देशाबाहेर काढलं. कोणी दगाबाज म्हणतं, मी मुत्सद्दी म्हणतो. पण हे आवरतं घेतो, मला कुऱ्हाडीची गोष्ट सांगायचीय.

फेब्रुवारी १६२१. स्पेनच्या बाजूचा पुढारी पॉम्पेयस प्लान्टा रिएटबर्गच्या गढीत होता. येनाच आणि साथीदार रातोरात घोडे दामटून तिथे पोचले. प्लान्टा म्हणे धुराड्यात लपला, आणि त्याच्याच कुत्र्याने ठिकाण दाखवलं! त्याला मारला कशाने? कुऱ्हाडीने. कुऱ्हाड विसरू नका, श्रोतेहो.

आता अठरा वर्षं पुढे या. २४ जानेवारी १६३९, कूर शहर, कार्निव्हलचे दिवस. खानावळीत येनाच अधिकाऱ्यांबरोबर बसलेला, वाजंत्री चालू. जेवणाच्या जागी वाजंत्री नसावीच, हे माझं जुनं मत. हल्ली लग्नात ‘मठ्ठा वाढा’ म्हणायलाही ओरडावं लागतं. असो. मुखवटे घातलेलं एक टोळकं आत आलं. एकाने अस्वलाचं सोंग घेतलेलं. कार्निव्हलात सोंगाला कोण अडवणार? अस्वल पुढे झालं, येनाचचा हात हातात धरला. तेवढ्यात पिस्तुलाचा बार. आणि मागोमाग कुऱ्हाड. पुन्हा कुऱ्हाड!

लोक सांगू लागले, ही तीच रिएटबर्गची कुऱ्हाड, प्लान्टाच्या मुलीने जपून ठेवलेली. अठरा वर्षं? आपल्याकडे कोयत्याची मूठ दोन पावसाळ्यांत ढिली होते. पण प्लान्टाचा मुलगा रुडॉल्फ त्या टोळक्यात होता असं मानतात, ते मला पटतं.

खटला कोणावरच चालला नाही. या एकेकाळच्या प्रोटेस्टंट पाद्र्याला कूरच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये पुरलं. १९५९ मध्ये कबर उघडली, तेव्हा कवटीवर घावांच्या खुणा होत्या.