इंधन संपून पडणारी छोटी विमानं
(इंदूरमधल्या मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

आपल्या इंदूरात फ्लाइंग क्लब आहे, ओळखीपाळखीतली मुलंमुली पायलट व्हायला जातायत, आणि आईबाबा विचारतात ते इंजिन बिघडलं तर काय, वादळ आलं तर काय. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती स्वच्छ हवेत, धडधाकट इंजिन निव्वळ पेट्रोल संपलं म्हणून बंद पडतं त्याची. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं होतं की तिकडे इंधनाच्या गडबडीमुळे छोट्या विमानांचे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात होतात, त्यात शिकाऊ पायलट जेमतेम २ टक्के आणि जवळपास निम्मे तर कमर्शियल (म्हणजे पैसे घेऊन विमान उडवायचं) किंवा त्याच्याही वरचं लायसन्स असलेले! म्हणजे शिकताना सगळे टाकीत डिपस्टिक घालून बघतात, नंतर सवय सुटते.

आता इथलाच हिशोब करू. इंदूर ते ग्वाल्हेर सरळ रेषेत साधारण ४६० किलोमीटर, सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान ताशी २०० किलोमीटरने जातंय असं धरा, तर सव्वादोन तासांच्या थोडं वर. पण समोरून ताशी ४० चा वारा लागला की जमिनीवरचा वेग १६० होतो आणि तेच अंतर पावणेतीन तासांच्या पुढे जातं, अर्धा तास तर सहज वाढला, आणि अमेरिकेत दिवसा बाहेर बघून, नजरेने उडताना नियमाने जास्तीचं ठेवायचं इंधन तेवढंच, अर्ध्या तासाचं. शिवाय मिक्स्चर लीन केलं नाही, म्हणजे हवेत मिसळणारं पेट्रोल कमी केलं नाही, तर इंजिन जास्त पितं. वाटेतल्या गुना शहराच्या आसपासच पायलटला दिसत असतं की वेळ लांबतोय, पण ग्वाल्हेर आता किती राहिलं असं वाटून तो पुढे जातो आणि मागे वळून उतरायची संधी तिथेच जाते. हेच मला सगळ्यात जास्त खटकतं.

दुसरा प्रकार म्हणजे एका टाकीत इंधन आहे पण इंजिनाला मिळत नाहीये. सेसना १७२ ला दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवता येतात, पायपर चेरोकी या तसल्याच छोट्या विमानात डावी नाहीतर उजवी, आठवणीने बदलायची. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात विमान पडून वारले, त्यांच्या लाँग-ईझी या छोट्या विमानात टाकी बदलायचा हँडल डाव्या खांद्याच्या मागे होता, तिथे वळून हात घालताना विमानावरचा ताबा सुटला असा तपासाचा निष्कर्ष. टाकी बदलायला पायलटला पाठ वळवावी लागणं हे मला मान्यच नाही.

एका काकांनी विचारलं, इंधन किती उरलं ते दाखवणारा गेज नसतो का? असतो हो, पण जुन्या विमानांत काटा टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटवर चालतो आणि विमान कललं की हलतो, म्हणून उडण्याआधी डिपस्टिक आणि वर गेल्यावर घड्याळ बघून किती खर्च झालं त्याचा हिशोब, गेज फक्त ताडून बघायला, आणि काटा हिशोबापेक्षा कमी दाखवत असेल तर काट्याचं ऐकून उतरायचं.