हँडब्रेक लागत नाही? केबल नंतर, ड्रम आधी

मंडळी, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक, आणि हँडब्रेक चालतो तो फक्त मागच्या चाकांवर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

हँडब्रेककडे येण्याआधी पुढच्या चाकांचं बघू. तिथले पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणारे तुकडे, घरी बदलता येतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना दगड लावायचे, जॅकवर घेतली की खाली स्टँड लावायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालायचा नाही, इथे मी कुणाचं ऐकणार नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, पूर्ण काढलात तर तारेने वर बांधा, ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, होजवर, लोंबकळत ठेवू नका. मग सी-क्लॅम्पने कॅलिपरमधला, पॅडला दाबणारा पिस्टन हळूहळू आत ढकलायचा, आणि इथेच घोळ होतो बघा. पॅड झिजतात तसतसा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतलं ब्रेक ऑइल खाली जातं, मग मध्ये कुणीतरी ऑइल कमी दिसतंय म्हणून डबी भरून ठेवलेली असते, तुम्ही पिस्टन ढकलला की ते उतू जातं, पेंटवर सांडलं की पेंट खराब. म्हणून आधी झाकण उघडा, जास्त असेल तर सिरिंजने काढा. पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, पहिल्यांदा ते पार तळाला जातं, आणि ते गेटबाहेर पडल्यावर कळून उपयोग नाही.

आता हँडब्रेक. लिव्हर फार वर येतोय म्हटल्यावर बरेचजण थेट लिव्हरखालचा नट आवळतात. दोन मिनिटांचं काम, लगेच बरं वाटतं, पण खरं म्हणजे ड्रमला आतून घासणारे लायनर झिजून त्यांच्यात आणि ड्रममध्ये अंतर वाढलेलं असतं. केबल जास्त ताणली की तिने ओढली जाणारी ड्रममधली पट्टी पूर्ण मागे येत नाही, लायनर घासत राहतो, ड्रम तापतो आणि अंतर आपोआप भरून काढणारा अ‍ॅडजस्टर पण नीट चालत नाही. म्हणून आधी केबल सैल, मग ड्रममधलं अ‍ॅडजस्टमेंट, आणि शेवटी केबल, लिव्हर ओढताना जे खटके वाजतात, ते मॅन्युअलमध्ये दिलेत तितके येतील अशी.

केबल खरंच खराब आहे का ते असं बघा. गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दगड, मागचा भाग स्टँडवर. एक एक खटका ओढत दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. एक जाम आणि दुसरं मोकळं, तर मोकळ्या बाजूची केबल किंवा ड्रममधली पट्टी बघा. लिव्हर खाली करूनही चाक जड फिरतंय, तर बहुधा केबल कव्हरमध्ये गंजून परत येत नाहीये. आणि लिव्हर खाली असून डॅशबोर्डवरचा लाल दिवा जात नसेल तर हँडब्रेकच्या नादी लागायच्या आधी ब्रेक ऑइलची डबी बघा, बऱ्याच गाड्यांत दोन्हीला दिवा एकच असतो.

हो, मागून विचारतायत, बटणवाला हँडब्रेक असेल तर? मागे डिस्क आणि कॅलिपरवर मोटर असेल तर क्लॅम्प लावायचाच नाही, आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते, बऱ्याचदा स्कॅनर लागतो, नाहीतर मोटरची वाट लागते. ते काम गॅरेजलाच द्या. आणि पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढू नका, गिअर टाका आणि चाकांना विटा लावा. ओला लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटतो.