वाट चुकलेल्या पाखराची नोंद

मित्रहो, पक्षी सप्ताह सुरू आहे. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. याच दिवसांत नागपूरच्या तलावांवर पाहुणे उतरू लागतात. पट्टकदंब येतील, चक्रवाक येतील. त्यांची वाट ठरलेली आहे. आज मला बोलायचं आहे ते ज्याची वाट इकडून जातच नाही, तरी जो इथे दिसतो, त्या पक्ष्याबद्दल. असा पक्षी दिसला तर त्याच्यावर पहिला संशय आपणच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

समजा, नागपूरच्या गोरेवाडा तलावाच्या काठावर चिखलात एक करडा, जाडजूड चिखल्या उभा आहे. ग्रे प्लोव्हर असेल का? हा तर समुद्रकाठचा पक्षी, ओहोटीच्या चिखलावर हिवाळा काढणारा. इथून मुंबईचा किनारा सरळ रेषेत 700 किलोमीटरच्या आसपास. मन लगेच 'हाच तो' म्हणायला लागतं. फोटो घ्या, जरूर घ्या, पण पक्षी पंख उचलेपर्यंत तिथून हलू नका. कारण सोनचिखल्या, म्हणजे पॅसिफिक गोल्डन प्लोव्हर, हिवाळ्यातल्या पिसांत लांबून बराच तसाच दिसतो. दोघांचा निकाल काखेत लागतो. पंख वर गेला आणि काखेत काजळ फासल्यासारखा ठसठशीत काळा डाग दिसला, उडताना शेपटीच्या वरचा भाग पांढरा चमकला, तर ग्रे प्लोव्हर. काख धुरकट आणि शेपटीचा वरचा भाग पाठीच्याच रंगाचा असेल, तर सोनचिखल्या. त्या एका क्षणासाठी सकाळ गेली तरी चालेल. पोहे थांबतील, पक्षी थांबणार नाही.

मग बाकीच्या शंका घ्यायच्या. ऊन कुठून पडत होतं? पिसं झडायच्या दिवसांतला ओळखीचाच पक्षी नसेल ना? कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला असेल का? पायात कडी, घासून झिजलेली शेपटी, माणसाची भीड नसणं, या खुणा मी आवर्जून तपासतो. शोभेच्या बदकांच्या बाबतीत तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

पण खरोखरच वाट चुकलेले पक्षी असतात, आणि ते का चुकतात हे फार सुंदर रीतीने कळलं आहे. पर्डेक नावाच्या डच संशोधकाने हॉलंडमध्ये स्थलांतराच्या काळात 11,000 हून जास्त युरोपीय मैना पकडल्या, पायात ओळखीची कडी घातली आणि स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. 1958 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्या प्रौढ मैनांनी हा प्रवास आधी केला होता, त्यांनी दिशा बदलली आणि त्या आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे वळल्या. त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं मात्र उपजत दिशेनेच सरळ उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये जाऊन पोचली. म्हणजे पहिल्या प्रवासात पिल्लाजवळ दिशा असते, मुक्कामाची ओळख नसते. वाऱ्याने बाजूला ढकललं, वादळात सापडलं, किंवा उपजत दिशाच थोडी वाकडी असली, तर ते भलतीकडे उतरतं. म्हणून अनोळखी पाहुणा दिसला की त्याचं वय बघा. पिसांच्या कडांवरून ते बरंचसं कळतं.

एक विनंती. जागा कळली की गर्दी होते, कुणी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवतो, कुणी जवळ जातो. असा पक्षी बहुधा थकलेला, उपाशी असतो. त्याला निवांतपणे आपलं अन्न शोधू द्या.

आणि संशयावर एवढा जोर का देतो, तर आपल्याच राज्यातल्या रानपिंगळ्यामुळे, म्हणजे एका छोट्या, दुर्मिळ घुबडामुळे. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशात हे पक्षी मिळवले, आणि 1884 नंतर खात्रीचा नमुनाच, म्हणजे संग्रहात भरून ठेवलेला पक्षीच, नाही. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित पक्षीतज्ज्ञाने गुजरातेत मांडवीजवळ 1914 साली आपल्याला रानपिंगळा मिळाल्याचं सांगितलं. त्या जागी शोध घेतले गेले, हाती काही लागलं नाही. लागणार कसं? तो नमुना त्याने ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, डेव्हिडसनचाच होता. शिवण उसवून पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती खोटी नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या जागांवर भर दिला. नोव्हेंबर 1997 मध्ये, तब्बल 113 वर्षांनी, त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, भर दिवसा, फांदीवर बसलेला. त्यानंतर आपल्या मेळघाटातही तो सापडला, आणि आज तिथली त्याची वस्ती देशातल्या महत्त्वाच्या वस्त्यांपैकी एक आहे.