एमएनडी घरात आल्यावर

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. मला सुरुवातीला विषय दिला होता "आजाराशी झुंज", मी म्हणलं झुंज वगैरे नको, घर कसं चालवायचं ते सांगते, कारण मला फोन येतात ते त्यासाठीच येतात. मी डॉक्टर नाही. माझे मिस्टर अनुदानित शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज म्हणजे एमएनडी झाला, त्यातला एएलएस प्रकार, आणि ते गेल्यापासून ज्यांच्या घरी हा आजार नवीन आलाय अशा लोकांशी मी बोलत असते, एवढीच माझी ओळख.

आजार थोडक्यात सांगते. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हलायला सांगतात त्याच मरत जातात. सांगणारं कोणी राहिलं नाही की स्नायू वाळतो. हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. क्रम प्रत्येकाचा वेगळा, कोणाचं बोलणंच आधी जातं. पण स्पर्श कळतो, दुखलेलं कळतं, डोळे बहुतेकांचे शेवटपर्यंत फिरतात. बुद्धीही बऱ्याच जणांची शाबूत राहते, काहींच्या वागण्यात मात्र फरक पडतो, ते घरच्यांनी माहीत असू द्यावं. बहुतेकांना पहिल्या लक्षणापासून २ ते ५ वर्षं मिळतात. रिल्युझोल नावाची गोळी १९९५ पासून आहे, ती काही महिने वाढवते, बरं करत नाही. २०२३ मधे अमेरिकेत टोफरसेनला मान्यता मिळाली पण ते फक्त एसओडी१ जीनमधे दोष असलेल्यांसाठी, म्हणजे शंभरात जेमतेम दोघांसाठी. त्यामुळे कोणी पन्नास हजारात बरं करतो म्हणून सांगितलं तर कृपा करून पैसे देऊ नका, ते पैसे पुढे लागणार आहेत.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं की ते शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जगले की! जगले. १९६३ मधे, २१ व्या वर्षी निदान झालं आणि २०१८ ला ७६ व्या वर्षी गेले, २००१ च्या जानेवारीत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या परिषदेला मुंबईतसुद्धा येऊन गेले. पण तो फार दुर्मिळ प्रकार होता, आणि १९८५ मधे गळ्याला छिद्र पाडावं लागलं त्यानंतर त्यांच्याजवळ चोवीस तास नर्स होत्या हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे नर्स म्हणजे बायको, नाहीतर कॉलेज सोडलेली मुलगी.

निदानाला उशीर होतो तो बऱ्याचदा मानेमुळे. चाळिशी पन्नाशीनंतर कोणाचाही एमआरआय काढा, मणक्यात काहीतरी निघतंच, मग "नस दबलीय" म्हणून पट्टा, ट्रॅक्शन, काहींची तर ऑपरेशनं होतात. ह्यांच्या हातातून खडू निसटायला लागला तेव्हा एका ठिकाणी आम्हालाही ऑपरेशनची तारीख दिली होती, दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी शर्ट काढायला लावून नुसतं बघितलं, दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप फडफडत होते, आणि त्यांनी आधी ईएमजी करा, म्हणजे स्नायूंची विजेची तपासणी, म्हणून सांगितलं. हात बारीक होतोय, ताकद जातेय, पण दुखत नाही, मुंग्या नाहीत, असं असेल तर मानेवर चाकू लावायच्या आधी ही टेस्ट करून घ्या.

आता मला जे खरं सांगायचंय ते. या आजारात प्रत्येक गोष्ट गरज पडायच्या आधी करावी लागते, आणि आधी करायची तर पेशंटला खरं सांगावं लागतं. आपल्याकडे नेमकं तेच करत नाहीत. माझे दीर म्हणाले, वहिनी त्याला काही बोलू नका, खचेल. मी म्हणलं भाऊजी, अंग त्यांचं आहे, त्यांना आपल्या आधी कळतंय. आणि सांगितलं म्हणून तर पुढचं सगळं त्यांनी स्वतः ठरवलं.

सगळ्यात आधी नोकरी. ऑफिसमधून गोड बोलून राजीनामा मागतात, आम्हालाही कागद टाईप करून समोर ठेवला होता. देऊ नका! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मधे आहे की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, काम नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं. आणि त्या व्याख्येत सरकारी मदत घेणाऱ्या संस्थाही येतात. त्या कायद्याच्या यादीत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएनडीचं नाव नाही, ते यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, तोवर सर्टिफिकेट अस्थिव्यंगाच्या सदरात काढून घ्यायचं. खाजगी नोकरीवाल्यांना हे कलम नाही आणि त्यांचे हाल बघवत नाहीत.

मग सही. हात जायच्या आत बँकेची खाती जॉइंट करा, नॉमिनी बघा, मृत्युपत्र करा. नंतर सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो आणि अंगठा लावायचा तर बोटं उघडत नाहीत.

मग बोलणं. इथे जरा थांबते कारण याचा मला फार उपयोग झाला. परदेशात डोळ्यांवर चालणारे कॉम्प्युटर असतात, ते आपल्याला झेपत नाहीत आणि मराठीत तर अवघडच. आमच्या ह्यांनी जीभ जड व्हायला लागली तेव्हाच पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून घेतली, पाच-पाच अक्षरांच्या ओळी, क-ओळ, च-ओळ, ट, त, प, खाली य र ल व श, त्याखाली ष स ह ळ क्ष. मी ओळीचं नाव घ्यायची, हवी ती ओळ आली की ते डोळे वर करायचे, मग त्या ओळीतली अक्षरं म्हणायची, परत डोळे वर. काना मात्रा सोडून दिल्या, अंदाज लागतो. प, ण आलं की पाणी. एकदा प-ओळीतलं पाचवं, म. मग य-ओळीतलं पाचवं, श. मला काही कळेना, मुलीला कळलं, आई माशी! कपाळावर बसली होती. म्हणजे माशी चालतेय ते कळतंय आणि हाकलता येत नाही. त्या दिवसापासून दुपारीसुद्धा मच्छरदाणी. हा तक्ता बोलता येत असतानाच वापरायला शिका, नंतर दोघांचीही दमछाक होते.

खाण्याचं. ठसका भाकरीने लागतो असं वाटतं, पण सगळ्यात आधी पाण्याने लागतो, पातळ असतं ना. आंबील, नाचणीचं सत्त्व, घट्ट वरणात कालवलेला मऊ भात बरा जातो, हनुवटी छातीकडे घेऊन गिळायचं. पोटातून नळी घालायची असेल तर श्वासाची ताकद चांगली असतानाच घालतात, वजन पार उतरल्यावर आणि श्वास निम्म्यावर आल्यावर धोका वाढतो. नळी घातली म्हणजे तोंड कायमचं बंद असंही नाही, डॉक्टरांना विचारून आमरस जिभेवर लावता येतो, आम्ही लावायचो.

श्वासाचं नीट ऐका. सकाळी डोकं दुखतं, रात्री झोप मोडते, आडवं झोपवत नाही, दिवसा डुलक्या लागतात, हे सगळं श्वासाचे स्नायू थकल्याचं लक्षण असू शकतं. नातेवाईक धावपळ करून ऑक्सिजनचं मशीन आणतात. इथे अडचण छाती हलत नाही ही असते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत साठतो, आणि नुसता ऑक्सिजन देत राहिलं तर तो आणखी वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. लागतो तो बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा आत ढकलणारं मशीन, डॉक्टरांनी सेट करून दिलेलं. आणि इन्व्हर्टर आधी घ्या, बायपॅप नंतर, आमच्याकडे लाइट गेली की मी बाकी सगळं टाकून त्याच्याकडे पळायची.

अजून एक, कारण यावरून घरात भांडणं होतात. कोणी भेटायला आलं की हे हुंदके देऊन रडायचे, आणि एकदा मयताची बातमी ऐकून हसत सुटले. लोकांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. तो आजाराचाच भाग असतो, आतून तसं वाटत नसतं, आणि त्याला औषध आहे. डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

शेवटचा मुद्दा व्हेंटिलेटरचा. गळ्याला छिद्र पाडून मशीनवर राहायचं का, हे माणूस बोलू शकतोय तेव्हाच विचारायला हवं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायला, मान्यता दिली, २०२३ मधे पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. ह्यांनी नको म्हणून लिहिलं. एकाने हो लिहिलं तर तेही तितकंच बरोबर, फक्त मग त्या घराला चोवीस तास माणूस लागतो, ब्यूरोतून मामा, म्हणजे पेशंट सांभाळणारी माणसं, ठेवायचे तर दोन शिफ्टचे पगार, आणि विमा कंपन्या घरच्या मशीनचे पैसे बहुधा देत नाहीत, हे हिशोबात धरूनच बोला.

माझ्याकडे लाळ-कफ ओढून घेणारं सक्शन मशीन, एअर बेड आणि वॉकर आहे, चालू स्थितीत. बायपॅप एका घरी दिलाय. कोणाला लागणार असेल तर कार्यक्रमानंतर भेटा, गाडी घेऊन या म्हणजे झालं. तक्त्याच्या झेरॉक्स बाहेर टेबलावर ठेवल्यात, तिथून घ्या.