आधी वारूळ, मग नागोबा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

नागपंचमी चार दिवसांवर आली असताना इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाने मला सापाच्या घराविषयी बोलायला बोलावले, याचा मला मनापासून आनंद आहे. पत्रिकेवर ‘नव्याने आणलेल्या सापासाठी घर कसे मांडावे’ असा विषय छापला आहे आणि ते मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी आपल्या भाषेतल्या एका म्हणीबद्दल थोडे बोलू द्या, कारण माझे सगळे म्हणणे त्या म्हणीतूनच निघते.

‘आयत्या बिळावर नागोबा’ असे आपण दुसऱ्याच्या कष्टांवर डल्ला मारणाऱ्या माणसाला म्हणतो. आता नागोबाची बाजू पाहा. त्याला हात नाहीत, नखे नाहीत, खोदण्याजोगे काहीही नाही. मांडुळासारखा एखादा साप भुसभुशीत मातीत शिरतो, हे खरे आहे. पण मे महिन्यात तापून दगड झालेल्या जमिनीत बहुतेक सापांना स्वतःचे बीळ करता येत नाही. उंदराने पोखरलेले आणि वाळवीने बांधलेले, तेवढेच त्याचे घर. हा आळस नव्हे, ही त्याच्या शरीराची अट आहे. आणि म्हणून जो माणूस साप घरी आणतो, तो उंदराचे आणि वाळवीचे काम स्वतःच्या अंगावर घेतो, असे माझे ठाम मत आहे. ते काम साप येण्याच्या आधी पुरे झालेले असले पाहिजे.

माझे गाव सांगली जिल्ह्यात, शिराळ्यापासून फार लांब नाही. शिराळ्याच्या नागपंचमीला मडक्यांत ठेवलेले जिवंत नाग मी लहानपणी पाहिले आहेत. त्या प्रथेवर पुढे न्यायालयाने निर्बंध आणले आणि ते योग्यच झाले. पण मला आज आठवते ती घरातली पंचमी. आईचा दंडक असा, की त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, विळीवर काही चिरायचे नाही आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडे उकडायची आणि बायकांनी गाणी म्हणत वारुळाला जायचे. त्या दंडकात सापाला हात लावण्याचा, त्याला उचलण्याचा उल्लेख कुठेही नाही. जमीन दुखवू नका, म्हणजे त्याचे घर दुखवू नका, एवढेच त्या दिवसाचे मागणे आहे. चाळीस वर्षे परदेशात काढल्यावर मला त्यातले शहाणपण नीट समजले.

दुधाचा प्रश्न आत्ताच मिटवतो, कारण तो दर वेळी विचारला जातो. साप दूध पीत नाही. दूध हा त्याचा आहार नाही. कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेला, तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल त्या द्रवाला तोंड लावतो आणि आपण त्याला नैवेद्य पावला असे समजतो. पाळलेल्या सापाला स्वच्छ पाणी लागते आणि ते रोज बदलावे लागते.

इथे घरोघरी पाळले जाणारे साप प्रामुख्याने दोन. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक, आणि दुसरा आफ्रिकेतला छोटा अजगर, ज्याला इथे रॉयल पायथन आणि अमेरिकेत बॉल पायथन म्हणतात. मी दुसऱ्याविषयी बोलणार आहे, कारण तो आमच्या घरी आहे. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून तो बॉल पायथन. लांबी साधारण तीन ते पाच फूट, मादी नराहून मोठी. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ माळरानांवर तो राहतो. आणि राहतो कुठे, तर उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. आई ज्या वारुळाला हळद-कुंकू वाहत असे, तसेच वारूळ घानात आणि टोगोतही सापाला सांभाळत होते. बाहेर माळ होरपळत असताना वारुळाच्या पोटात गारवा आणि ओलावा टिकून असतो, आणि हा साप दिवसभर त्या अंधारात बसून संध्याकाळनंतर बाहेर पडतो.

बेनिन देशातल्या विदा या गावात या अजगरांचे मंदिर आहे. तिथे हे साप पूज्य मानले जातात, ते गावात फिरत कुणाच्या घरात गेले तर लोक त्यांना हाकलत नाहीत, जपून परत आणून सोडतात. आपल्या पंचमीचे हे इतके जवळचे नाते तिथे सापडावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता आमच्या घरची हकिगत. ती थोडी लांबेल, पण मला जे कळले ते सगळे तिच्यातच आहे.

माझी मुलगी बारा वर्षांची असताना तिने हा साप मागितला. इथल्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही, म्हणून खरेदी माझ्या नावावर झाली. आम्ही शनिवारी दुपारी एका दुकानात गेलो आणि तासाभरात साप, काचेची पेटी, खाली घालायची, विजेवर तापणारी हीट मॅट, लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिकची एक अर्धी ओंडकी असे सगळे एकदम घेऊन घरी आलो. तापमान ठरल्या अंशावर राखणारा थर्मोस्टॅट ‘नंतर घेतला तरी चालतो’ असे आम्हाला सांगण्यात आले. मुलीने सापाचे नाव राजा ठेवले. पेटी आम्ही बैठकीच्या खोलीत, खिडकी आणि दूरदर्शन संच यांच्या मध्ये मांडली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला राजा दिसावा.

राजा रात्रभर काचेवर नाक घासत फिरत असे आणि आम्ही म्हणत असू, किती चपळ आहे पाहा. पाहुणे आले की त्याला बाहेर काढून सगळ्यांच्या हातांत द्यायचे, छायाचित्रे काढायची. तो खात मात्र नव्हता. या जातीचे साप काही महिने उपास करतात हे खरेच आहे, त्यामुळे ज्याला त्याला विचारले तो म्हणे, काळजी करू नका. असे पाच महिने गेले. एके दिवशी मुलीने त्याला उचलले तेव्हा पोटाखालचे खवले तपकिरी पडून त्यांच्या कडा उचलल्या गेलेल्या दिसल्या, आणि नाकाच्या टोकाची त्वचा सोलवटलेली होती.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टर शोधून आम्ही त्याला घेऊन गेलो. त्यांनी पिशवी उघडण्याआधी मला एकच प्रश्न विचारला: पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान किती आहे? मी आयुष्यभर कारखान्यांतल्या भट्ट्यांची तापमाने मोजण्याचे काम केले आहे, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन मोजले तेव्हा मॅटवरची काच ४६ अंशांवर होती आणि दुसरे टोक २१ वर. म्हणजे एका बाजूला पोट भाजत होते आणि दुसऱ्या बाजूला अन्न पचण्याइतकीही ऊब नव्हती. सापाचे शरीर स्वतःची उष्णता राखत नाही. पचन, हालचाल, आजाराशी झुंज, सगळे बाहेरच्या उबेवर चालते. तो भाजेपर्यंत तिथून हलला का नाही, याचा मी फार विचार केला आहे. मला असे वाटते, की निसर्गात ऊन वरून येते आणि खाली दडले की गारवा मिळतो, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची समज आहे. आम्ही विस्तव खाली पेटवून ती समजच उलटी करून टाकली होती.

डॉक्टरांनी मलम दिले, भुसा काढून कोरे कागद अंथरायला सांगितले आणि मॅट बंद करून वरून ऊब द्यायला लावली. मग त्या म्हणाल्या, पेटीच्या तीन बाजू आजच्या आज कागदाने झाका आणि सापाच्या वेटोळ्याएवढी दोन खोकी आत ठेवा. आम्ही न्याहारीच्या पोह्यांची दोन रिकामी खोकी घेतली, त्यांना एकेक भोक पाडले, एक उबेच्या टोकाला आणि एक गार टोकाला ठेवले. राजा त्या रात्री एका खोक्यात शिरला तो तीन दिवस बाहेर आला नाही. मुलगी रडकुंडीला आली होती, पण डॉक्टर फोनवर म्हणाल्या, की तो प्रथमच विश्रांती घेतो आहे. अकराव्या दिवशी त्याने उंदीर खाल्ला. पाच महिने जे कुठल्याही युक्तीने झाले नव्हते, ते पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांनी झाले. पुढच्या तपासणीत राजा मादी असल्याचे निष्पन्न झाले. नाव मात्र मुलीने बदलू दिले नाही आणि ती राजा आज आमच्याकडे एकोणीस वर्षांची आहे. हे वय फार वाटत असेल तर सांगतो, अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या याच जातीच्या मादीने २०२० साली, साठी उलटल्यावर, सात अंडी घातली. घर मांडताना आपण किती वर्षांसाठी मांडतो आहोत, हे यावरून लक्षात यावे.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत. तेव्हा कबूल केलेला विषय आता भराभर सांगतो.

पेटीची लांबी सापाच्या पूर्ण वाढलेल्या लांबीहून कमी नसावी, म्हणजे त्याला सरळ पसरता येईल. या जातीला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही पेटी मी किमान समजतो; साप याहून लांब असेल तर पेटीही तेवढी लांब. तीन बाजू अपारदर्शक, समोर सरकत्या काचा, आणि त्यांना कुलूप अवश्य, कारण साप काच सरकवतो. ही पेटी खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवा आणि ध्वनिक्षेपकाशेजारीही ठेवू नका, कारण सापाला बाहेरचा कान नसला तरी जमिनीतले कंपन जबड्याच्या हाडातून कळते. आत एक मजबूत आडवी फांदी द्या. हा बिळातला साप असला तरी लहान वयाचे आणि नर झाडांवर चढतात, पक्षीही खातात.

ऊब एका टोकाला आणि वरून द्यावी. ते टोक ३१ ते ३२ अंश, गार टोक २४ ते २६. दिव्याभोवती तारेची जाळी हवीच, नाहीतर साप दिव्यालाच वेटोळे घालतो. थर्मोस्टॅटविना कोणतेही उपकरण लावू नका. दिव्यासाठी प्रकाश मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट लागतो, आणि प्रकाश न देता फक्त ऊब देणाऱ्या सिरॅमिक उपकरणासाठी विजेचे छोटे ठोके देत चालणारा. त्याचा तापमान टिपणारा संवेदक पक्का बांधा. तो निसटून गार टोकाला किंवा पाण्यात पडला, तर यंत्राला पेटी थंड वाटते आणि ते तापवतच राहते. म्हणून दोन्ही टोकांना वेगळे तापमापक हवेत. दिवसा बारा तास उजेड, रात्री पूर्ण अंधार. तांबडा दिवाही नको.

दडणीच्या जागा दोन, आणि दोन्ही अगदी सारख्या. प्रत्येक जागेला एकच तोंड असावे आणि आत बसल्यावर सापाच्या अंगाला भिंती टेकाव्यात. दोन्ही टोकांना सारखीच सुरक्षितता नसेल तर साप ऊब सोडून लपणे निवडतो किंवा लपणे सोडून ऊब, आणि दोन्हींत तो आजारी पडतो. सगळ्या व्याख्यानातले एकच वाक्य लिहून घ्यायचे असेल तर हे घ्या.

अंथराला पहिले काही आठवडे कोरा कागद पुरे. त्यावर विष्ठा आणि गोचिडीसारखे बारीक काळे किडे लगेच दिसतात. नंतर नारळाच्या सोडणाचा भुसा उत्तम. देवदार आणि चीड यांचा सुगंधी भुसा नको, त्याच्या वासाने श्वसनाला अपाय होतो. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास ठेवा. डोळे निळसर झाले की कात टाकण्याची वेळ आली असे समजून आर्द्रता वाढवा आणि ओल्या शेवाळाचा एक डबा द्या, म्हणजे कात तुटक निघणार नाही.

ही पेटी साप आणण्याआधी दोन आठवडे रिकामी चालवून पाहा आणि सकाळ-संध्याकाळ तापमाने वहीत लिहा. साप आल्यावर आठवडाभर हात लावू नका, मग गोठवून वितळवलेला उंदीर चिमट्याने द्या, आणि खाल्ल्यानंतर ४८ तास पुन्हा हात लावू नका. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, कारण साल्मोनेला हा जंतू सापांच्या अंगावर असू शकतो. इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात प्राण्याच्या ज्या पाच गरजा सांगितल्या आहेत, त्यांत पहिली गरज योग्य निवाऱ्याची आहे, अन्नाची दुसरी. भारतातल्या नातेवाइकांनी हे ऐकून नाग, धामण किंवा अजगर पाळण्याचा विचार मनातही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

मागच्या रांगेतल्या एका तरुणाने सुरुवातीलाच मला सांगितले, की त्यांनी गेल्या शनिवारी साप आणला, पेटी काचेची आहे आणि तो काही खात नाही. त्यांना दोन आठवडे थांबा असे आता सांगता येत नाही. तेव्हा त्यांनी घरी गेल्यावर मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर ती आज रात्री बंद करावी, खोली उबदार ठेवावी, पेटीच्या तीन बाजूंना कागद चिकटवावा, पुठ्ठ्याची दोन खोकी आत ठेवावीत आणि उद्या दुकान उघडताच थर्मोस्टॅट व वरून ऊब देणारा दिवा आणावा. माझा दूरध्वनी क्रमांक कार्यवाहांकडे आहे. दोन्ही टोकांची तापमाने मला कळवावीत, कितीही उशीर झाला तरी चालेल.