जिथे इंजिनाला दम लागायचा

(दृश्य: पहाट. धुक्यातून पुढे सरकणारं सायकलचं चाक. फक्त खडीचा आवाज.)

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या. टायरखाली बारीक खडी चुरचुरतेय. पुढचे चार दिवस सोबतीला बहुतेक वेळ एवढाच आवाज होता. हॉर्न नाही, मागून अंगावर येणारा ट्रक नाही. पहिल्या तासाभरात मी सवयीने चार वेळा मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

न्यूझीलंडचं दक्षिण बेट. त्यातला सेंट्रल ओटागो हा कोरडा, खडकाळ, मेंढ्यांचा मुलूख. इथे क्लाइड ते मिडलमार्च अशी १५२ किलोमीटरची कच्ची वाट आहे. पायी जा, सायकलवर जा, घोड्यावर जा. मोटार मात्र आणायची नाही. कुठेकुठे गाड्यांचा रस्ता आडवा येतो, तेवढा ओलांडायचा आणि पुन्हा आपल्या वाटेला लागायचं.

ही वाट सायकलवाल्यांसाठी कोणी आखली नव्हती. ती आखली आगगाडीसाठी.

(दृश्य: नदीकाठचे पिवळेधमक पॉप्लर. एप्रिल, म्हणजे तिकडचा शरद.)

१८६१-६२ मध्ये ओटागोत सोनं सापडलं आणि माणसांचे लोंढे आले. रेल्वे आली ती बऱ्याच उशिरा. १८७९ साली डनेडिन शहराजवळच्या विंगाटुईपासून काम सुरू झालं, आणि गाडी क्लाइडला पोचायला १९०७ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं! तोवर सोन्याची पहिली झिंग कधीच उतरली होती. गाडीने पुढे वाहिली ती लोकर, मेंढरं आणि फळं.

एवढा वेळ का लागला, ते सायकलवर बसलं की कळतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर अगदी अलगद धावतं. पण जे चाक अलगद धावतं ते चढावर घसरतंही लवकर. म्हणून या मार्गावर चढाची मर्यादा ठरलेली होती: पन्नास मीटर पुढे जाल तेव्हा एक मीटर वर. त्याहून जास्त इंजिनाला झेपत नव्हतं. मग डोंगर आला की वळसा घाला, घळ आली की पूल बांधा, आणि काहीच जमेना तर बोगदा खणा. आज आपण जिला निसर्गरम्य वाट म्हणतो, तिचं प्रत्येक वळण इंजिनाच्या या दुबळेपणातून आलंय.

चॅटो क्रीक सोडलं की टायगर हिल लागते. नाव वाघाचं, चढ मांजराचा. वाट डोंगराच्या अंगाखांद्यावरून अशी काही फिरते, की खालची एकच पत्र्याची शेड आम्हाला तीनदा दिसली, दर वेळी थोडी लहान होऊन. गंमत म्हणजे एवढा चढ डोळ्यांना दिसतच नाही. समोर सपाटी दिसते आणि पाय कुरकुरत असतात. आमच्या कॅमेरामनने तर दोनदा उतरून ब्रेक चाकाला घासतोय का, ते पाहिलं. ब्रेक ठीक होता.

चूक आमची वेगळीच होती. भाड्याने घेतलेल्या सायकलींच्या टायरमध्ये डांबरी रस्त्याच्या हिशेबाने ठासून हवा भरलेली होती, आणि आम्ही ती तपासलीच नाही. पहिल्या संध्याकाळी तळहात मुंग्या आल्यासारखे बधिर झाले. त्या दिवसाचं निम्मं चित्रणही थरथरतंय. तुम्हाला दाखवलेलं नाही. दुसऱ्या सकाळी चाळीस मिलिमीटरच्या टायरमधली हवा साठ पीएसआयवरून पस्तीसवर आणली. टायर अंगठ्याने थोडा दबायला लागला आणि तीच वाट एकदम मवाळ झाली. कडक टायर प्रत्येक खड्यावर उडी मारतो. मऊ टायर त्या खड्याभोवती स्वतः वाकतो.

(दृश्य: पूलबर्नची घळ. दगडी खांब, खाली पाण्याची रेघ.)

लॉडर गाव मागे पडलं की मनुहेरिकिया नदीवरचा लांब पूल येतो, आणि तिथून पूलबर्नची घळ सुरू होते. माझ्या मते सगळ्या वाटेत पाहण्यासारखी जागा ही. इथे घाई करू नका. चार-पाच किलोमीटरला आम्ही अर्धा दिवस दिला.

इथे दोन बोगदे आहेत, दोन्ही दोनशे मीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. तोंडाशी उजेडात दगड नीट दिसतो: शिस्ट, राखाडी, पापुद्र्यापापुद्र्याचा, मध्येच अभ्रकाची चमक. वीस पावलं आत गेलं की तो दिसेनासा होतो, आणि पन्नास पावलांवर आपलं हँडलही. टॉर्च होता, पण रात्रीच्या थंडीने त्याची बॅटरी पार मान टाकून बसली होती. मग उतरलो. एक हात सायकलवर, दुसरा भिंतीवर. दगड बर्फासारखा गार, मध्येच ओला. पुढच्याचा खोकला मागून आल्यासारखा वाटत होता. बाहेर पडलो तेव्हा सगळ्यांचे डोळे मिचमिचे आणि डावे तळवे काळे झाले होते.

याच घळीत पूलबर्नचा पूल आहे, सदतीस मीटर उंच. खांब इथल्याच शिस्टचे, घडवून रचलेले. पुलावर आता फळ्या ठोकल्यात, कडेला कठडे आहेत. सायकल फळ्यांवर चढली की खडीची चुरचुर थांबते आणि खालून पोकळ धडधड सुरू होते. डोळे मिटले तर गाडीत बसल्यासारखं वाटतं. मिटू नका, अर्थात.

(दृश्य: जुना काळापांढरा फोटो. रुळांवर उभी मालगाडी.)

ऐंशीच्या दशकात क्लाइडजवळ मोठं धरण बांधत होते. त्याच्या सामानाची वाहतूक होती तोवर ही गाडी तगली. ३० एप्रिल १९९० ला क्लाइड ते मिडलमार्च हा मार्ग बंद झाला आणि मग रूळ उचलले गेले.

मागे राहिली ती रेल्वेची खडी. मुठीएवढे, धारदार कोनांचे दगड. ते एकमेकांत घट्ट अडकून स्लीपर जागच्या जागी धरून ठेवतात, म्हणून रेल्वेला हवेच असतात. सायकलला मात्र ते नकोसे. १९९३ मध्ये सरकारच्या संवर्धन खात्याने ही पट्टी ताब्यात घेतली. पैसे उभे करायला एक न्यास निघाला. खडीवर बारीक खडी पसरून दाबली, अडुसष्ट पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले. आसपासच्या अनेकांना हे खूळ वाटत होतं. या वैराणात सायकल चालवायला येणार कोण? २००० साली सबंध वाट खुली झाली. आज वाटेवरच्या गावांतल्या खानावळी आणि मुक्कामाच्या खोल्या कोणाच्या जिवावर चालतात, ते दारातल्या सायकलींची रांग पाहून समजतं.

ओतुरेहुआ गावात हेज कुटुंबाचा जुना कारखाना जपून ठेवलाय. अर्नेस्ट हेज शेतीची अवजारं बनवायचे. कुंपणाची तार ताणायचं त्यांचं यंत्र खूप नावाजलं. पण माल विकायला जायची ती त्यांची पत्नी, हॅना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पायघोळ झग्यात, सायकलवरून, मुक्काम करत करत. गिअर नाहीत आणि रस्ते म्हणजे दगडधोंडे. खडीवरच्या सायकलिंगचा शोध आपल्या पिढीने लावला असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथे दहा मिनिटं थांबावं.

(दृश्य: सपाट पठार, क्षितिजावर सपाट माथ्याची डोंगररांग.)

वेडरबर्नजवळ वाटेची सर्वांत उंच जागा आहे, ६१८ मीटर. आजूबाजूच्या ओढ्यांची नावं बघा: वेडरबर्न, गिमरबर्न, काइबर्न, स्वाइनबर्न. स्कॉटिश बोलीत ‘बर्न’ म्हणजे ओढा. बाकी सगळा गोठा आहे: खच्ची केलेला मेंढा, तरणी मेंढी, गाई, डुकरं. ही नावं मोजणी अधिकारी जॉन टर्नबुल थॉमसन यांच्या खात्यावर जमा आहेत.

इथून पुढे बराचसा उतार, म्हणून आम्ही खुशीत होतो. पण पठारावर वारा समोरून आला आणि उताराचं सुख गेलं. उतारावर पायडल मारत जाण्याइतकं केविलवाणं दुसरं काही नाही. रानफर्लीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

हाइडच्या पुढे एक दगडी स्मारक आहे. ४ जून १९४३ ला क्रॉमवेलहून डनेडिनला निघालेली एक्स्प्रेस इथल्या कटिंगमध्ये, म्हणजे टेकडी कापून काढलेल्या वाटेत, वळणावर बेफाम वेगात आली आणि रुळावरून उडाली. एकशे तेरा प्रवासी होते. एकवीस जण गेले. चालकाने दारू घेतली होती. त्याला तुरुंगवास झाला. आम्ही त्या वळणावरून ताशी पंधराच्या वेगाने गेलो. गवत, ऊन, दोन मेंढ्या. वळण आहे हेसुद्धा सांगितल्याशिवाय लक्षात आलं नसतं.

(दृश्य: संध्याकाळ. डाव्या बाजूला मोकळं गवत, उजवीकडे रॉक अँड पिलर डोंगररांगेची सावली.)

चौथ्या दिवशी मिडलमार्च. पुढे डनेडिनकडचे रूळ १९९० मध्ये उचलले नाहीत; तो टप्पा पर्यटकांच्या गाडीसाठी राखला गेला. त्यामुळे खडी संपते तिथे कधीकाळचं स्टेशन आहे.

सायकली भिंतीला टेकवल्या. कॅमेरामनने पुढचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, आणि कोणी न विचारताच म्हणाला, “अजून दोन पीएसआय कमी चालली असती.”